हैबतीनानांनी न सांगितलेली खोड

एका गावात सगळे चालायचे, एक माणूस तेवढा पळायचा. त्याचं नाव हैबती. रोज पहाटे, शेतावर जायच्या आधी, तो धरणाच्या रस्त्याने पळत जायचा आणि पळतच परत यायचा. सुरुवातीला लोक हसले. पुढे तो शर्यती जिंकू लागला, गावाचं नाव पेपरात आलं, आणि ज्यांनी सर्वांत जास्त टिंगल केली होती तेच पुढे होऊन सांगू लागले की, या पोराचे पाय आम्ही लहानपणीच ओळखले होते. गावं अशीच असतात. हैबतीचं पाहून पोरंपोरी पळू लागली, आणि काही वर्षांत ते पळणाऱ्यांचं गाव म्हणून पंचक्रोशीत ओळखलं जाऊ लागलं.

हैबतीचं वय वाढलं, त्याला सगळे नाना म्हणू लागले. पण त्याचा खरा मान त्याच्या पायांमुळे नव्हता, जिभेमुळे होता. त्याचा बाप बैलबाजारात दलाल होता. त्या बाजारात सचोटीच्या दलालाची एक रीत असते. बैल दाखवताना आधी त्याची खोड सांगायची: हा मारतो, हा चिखलात बसतो, हा डाव्या अंगाला ओढतो. खोडी संपल्या की मग गुण, आणि मग भाव. बापाने ती रीत आयुष्यभर पाळली आणि हैबतीने ती बुटांना लावली.

तालुक्याला नवा बूट आला की हैबती तो घालून बरेच दिवस पळायचा. चढावर, उतारावर, खडीवर, डांबरावर. मग एका संध्याकाळी देवळासमोरच्या पारावर बसून निवाडा द्यायचा. आधी खोड, मग गुण. याचा तळ ओल्यावर घसरतो. याची टाच चावते. याला पैसे घालवण्यापेक्षा अनवाणी पळा. त्याने गुण सांगायला सुरुवात केली की लोक समजायचे, खोडी संपल्या. एकदा त्याच्या सख्ख्या मेहुण्याने बुटांचं दुकान काढलं. हैबतीने मेहुण्याला शेजारी बसवून त्याच्याच मालाच्या खोडी सांगितल्या. मेहुणा त्यानंतर कितीतरी दिवाळ्या बहिणीकडे आला नाही. हैबतीच्या बायकोने त्याबद्दल नवऱ्याला कधी माफ केलं नाही, आणि गावाने त्याच गोष्टीसाठी त्याला डोक्यावर घेतलं.

तर अशा या माणसाकडे तालुक्याचा पोपटशेठ एक नवा बूट घेऊन आला. पोपटशेठचं दुकान तालुक्यात सर्वांत मोठं. बूट पाहून पारावरची म्हातारी माणसं हसायला लागली. तळ एवढा जाड की घालून उभं राहिलं तर पाटावर चढल्यासारखं वाटावं. आत मऊ मऊ स्पंज, आणि त्या स्पंजाच्या पोटात कार्बनची एक पातळ, कडक, वाकवलेली पट्टी. पाऊल टेकलं की स्पंज दबायचा, पट्टी ताणली जायची आणि माणसाला पुढे ढकलायची. शेठ म्हणाला, लांबच्या रस्त्याला याच्यासारखा बूट नाही, नानांनी बघावं आणि सांगावं.

हैबती तो बूट घालून धरणाच्या रस्त्याला लागला. त्याचं तेव्हाचं दुखणं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानेच शिकवलेली पोरं आता त्याच्यापेक्षा जोरात पळत, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम हळू होत. दम लागल्याचं सोंग करत. हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या जिवाला दुसऱ्या कशापेक्षाही हेच जास्त लागत होतं. त्या दिवशी मात्र नव्या बुटात तो असा निघाला की पोरं खरोखर मागे पडली. त्यांना सोंग करायला वेळच मिळाला नाही. धरणाच्या भिंतीवर पोचून तो एकटाच बसला आणि खूप वेळ हसत राहिला.

परतीच्या उतारावर मात्र गोष्ट बदलली. पाय दमलेले होते. डांबराची कड जिथे जिथे तुटलेली होती, तिथे तो उंच मऊ तळ एका अंगाला कलायचा आणि घोटा सावरावा लागायचा. मग घोट्याच्या जरा समोर, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, बारीक कळ उठली. हैबतीने ती सोसली. दुसऱ्या दिवशी तो जुने बूट घालून तेवढाच पळाला, कळ आली नाही. पुन्हा नवे घातले, पुन्हा त्याच जागी कळ. असं त्याने बरेचदा करून पाहिलं. तो कसलेला माणूस होता. काय ते त्याला समजलं.

बूट वाईट नव्हता, हे नीट लक्षात घ्या. सरळ, चांगल्या रस्त्यावर, शर्यतीच्या दिवशी, तयार पायाला तो खरोखरच उत्तम होता. फक्त एवढंच सांगायला हवं होतं की तो रोज घालू नका, उतारावर घालू नका, आणि पायाला त्याची सवय हळूहळू लावा. एवढं सांगायला एक घोट चहा पिण्याइतका वेळही लागला नसता.

हैबतीने ते आधी पोपटशेठला सांगितलं. शेठ चिडला नाही. त्याने चहा मागवला, बशी स्वतः पुढे केली आणि मग सहज बोलल्यासारखं बोलला.

"नाना, कळ बुटाची कशावरून? तुमचं वय काय झालं ते बघा की."

हैबतीने बशी तोंडाला लावली. शेठ पुढे म्हणाला की, तुम्ही खोड सांगितलीत तर माझा नाइलाज आहे, सगळा माल मी शहराला परत पाठवतो. पायातली ही जोडीही तेवढी काढून द्या. आणि चांगलं बोललात तर दुकानावर तुमचा फोटो लावायचा माझ्या मनात आहे, पळतानाचा.

फोटोचं हैबतीला फारसं काही नव्हतं. पण ती जोडी काढून द्यायची म्हणजे पुन्हा त्या पोरांच्या दयेवर पळायचं. घरी जाताना वाटेत त्याने स्वतःला समजावलं की शेठ म्हणतो ते खरंच असेल, कळ वयाची असेल. माणसाला एकदा फसायचंच असलं की तो स्वतःला फार हुशारीने पटवतो. त्या वाटेवर कळ कुठल्या बुटात येते आणि कुठल्या बुटात येत नाही हा साधा हिशेब त्याने एकदाही केला नाही.

संध्याकाळी पार भरला. हैबती बसला आणि त्याने एकदम गुणच सांगायला सुरुवात केली. हा बूट माणसाला ढकलतो. गुडघ्याला धक्का बसू देत नाही. माझ्यासारख्याला त्याने पुन्हा जवान केलं. यातला शब्दन् शब्द खरा होता. लोकांनी माना हलवल्या. आज गुणांपासून सुरुवात झाली, म्हणजे खोड नाहीच, असं सगळ्यांनी धरलं. दुसरं काय धरणार? इतक्या वर्षांत त्यानेच त्यांना तसं शिकवलं होतं.

एकटी केशर तेवढी उठून उभी राहिली. केशर उसाच्या रोपवाटिकेत कामाला जायची. गावात तिच्याइतकं लांब कोणी पळू शकत नव्हतं. जिल्ह्याची मोठी शर्यत जवळ आली होती. त्यात पहिल्या येणाऱ्या तिघींना राज्याच्या संघात घेणार होते. राहण्या-जेवण्याची सोय होती, शिकवायला माणूस होता. रोपवाटिकेतून बाहेर पडायची तिच्यापुढे तेवढीच एक वाट होती, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची खेप होती.

"नाना, खोड कायच न्हाई?" तिने विचारलं.

हैबतीने तिच्याकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती.

"खोड असती तर आधी सांगितली नसती व्हय मी?" तो म्हणाला.

लोक हसले. केशरही हसली आणि खाली बसली. हैबती खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता. बापाने आयुष्यभर जपलेल्या रीतीच्या आड तो असा लपला.

केशरने राबून साठवलेलं सगळं त्या बुटात घातलं. नानांनी काही मनाई केलेली नव्हती, म्हणून ती ते बूट रोज घालायची. चढाला घालायची, उताराला घालायची. ती दिवसेंदिवस जोरात पळू लागली आणि गाव कौतुक करू लागलं. हैबतीने मात्र लांबच्या पळण्याला ते बूट घालणं गुपचूप सोडून दिलं. लग्नाकार्याला, तालुक्याला जाताना तेवढे घालायचा, किंवा पोरांना दाखवायला थोडंसं पळायचा. बाकी जुनी जोडी. आठवडाभरात त्याची कळ गेली. वय तेवढंच राहिलं होतं.

मग एके सकाळी केशर किंचित लंगडताना त्याला दिसली. तो बांधावर उभा होता, ती रस्त्याने परत येत होती. तिने हात केला. त्यानेही हात केला आणि तो वाकून पाटाच्या पाण्याला वाट करून द्यायला लागला, जरी त्या दिवशी पाण्याची पाळी त्याची नव्हती. तिने काही सांगितलं नाही. त्याने काही विचारलं नाही.

शर्यतीच्या दिवशी केशर बराच वेळ दुसरी होती. शेवटचा मोठा उतार लागला. तिथे तिचं पाऊल पडलं आणि आत काहीतरी तुटल्याचं तिला कळलं. तरी ती थोडी पळाली. मग चालली. मग रस्त्याच्या कडेला बसली, आणि जिला ती कधी मागे वळूनही पाहत नसे अशा एकेक मुलीला पुढे जाताना पाहत राहिली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की पावलाच्या कमानीतलं हाड चिरलं आहे. ते फार हळू जुळतं. चालता येईल. लांब पळण्याचं आता विसरायचं.

हैबती तिला भेटायला गेला. पाय प्लास्टरमध्ये होता. केशरची आई चहा टाकायला आत गेली. त्याने आपला स्वतःचा पाय मांडीवर घेतला, घोट्याच्या समोर, कमानीच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितंच ना?"

विचारल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं.

केशर त्या बोटाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी जागा कुठली सांगितली ते तिने अजून आईशिवाय कोणाजवळ बोललं नव्हतं.

"नाना, तुमास्नी ठावं हुतं."

त्याने वयाचं सांगायला तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्याकडे तयार होतं, पण बाहेर आलं नाही.

"मला वाटलं माझाच पाय नासका हाय," ती म्हणाली. "नानांनी बुटाला खोड न्हाई काढली, म्हंजी खोड माझ्यात असणार. म्हनून कुनाला बोलले न्हाई. रोज रात्री त्या पायाला शिव्या देऊन निजायचे."

आई चहा घेऊन आली. हैबतीने तो चहा प्यायला, कारण न पिणं आईला समजावून सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता पारावर जाऊन बसला. लोक जमले. त्याने बुटाची खोड सांगितली, नंतर आपली सांगितली. काही लपवलं नाही. त्या गावात इतका खरा निवाडा कधी झाला नव्हता.

लोकांनी ऐकून घेतलं. मग एकजण हळूच शेजाऱ्याला म्हणाला की शेठशी बिनसलेलं दिसतंय. दुसऱ्याला वाटलं, पोरीच्या घरच्यांनी भरीला घातलं असेल. तिसरा म्हणाला की तेव्हाही नानाच बोलत होते आणि आताही नानाच बोलतायत, मग धरायचं कुठलं? आणि सगळे आपापल्या घरी गेले. बूट पूर्वीसारखेच खपत राहिले. हैबतीने स्वतः जाऊन दुकानावर लावलेला आपला फोटो उतरवा म्हणून विनवलं. शेठने पुन्हा चहा मागवला, फोटो तसाच राहिला.

हिवाळ्यात तालुक्याला आणखी एक नवा बूट आला. हैबती तो घालून बरेच दिवस धरणापर्यंत जाऊन आला, चढाला पळाला, उताराला पळाला आणि मग एका संध्याकाळी पारावर येऊन बसला. दिवस मावळेपर्यंत तो बसून राहिला. पळणारे समोरच्या रस्त्याने गेले, त्यांनी नानांना रामराम घातला, आणि त्यातले बरेचजण एस.टी.ने तालुक्याला, पोपटशेठकडे चौकशी करायला निघाले. शेठ गुणच सांगणार हे त्यांना माहीत होतं. हैबतीने एकाला थांबवून विचारलं की अरे, तो तर विकणारा, त्याला काय विचारता?

तो माणूस जरा ओशाळला, पण बोलला. "नाना, शेठ इकायला बसलाय ह्ये तो लपवत तरी न्हाई."

केशर अजून रोपवाटिकेत कामाला जाते. चालत.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून पाऊल टाकतात, त्याने अर्धंच खरं सांगणं हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट. खोटारड्याचं बोलणं लोक तपासून घेतात. भरवशाच्या माणसाचं बोलणं खरं धरून ते स्वतःलाच दोष देत बसतात.