पहिली ओळ कुणाची

देवळात शिरलात की उजवीकडं बघा, मंडळी. चर्चला आम्ही इथं देऊळच म्हणतो. तिथं गाणाऱ्यांच्या दोन जागा आहेत. त्यातल्या पुढच्या जागेवर चुकूनसुद्धा पाय ठेवू नका. बाकी सगळी थट्टा चालते इथं, ही नाही.

फार पूर्वी त्या जागी इनास तुस्कानो उभा राहायचा, असं सांगतात. तो पुढचा गाणारा. गुड फ्रायडेच्या विलापगीतात दर कडव्याची पहिली ओळ त्याची, दुसरी मागच्याची, म्हणजे जुजे डाबऱ्याची. इनासचा दम तुटला तर जुजेनं सूर सांभाळायचा आणि गावाला पत्ता लागू द्यायचा नाही. जन्मभर हेच! खरं तर आवाज जुजेचा गोड, म्हणे. पण पहिली ओळ काही त्याच्या वाट्याला येईना. हे त्याला आतून खात होतं.

एका वर्षी गुड फ्रायडेच्या तोंडावर इनासची होडी परतली नाही. रीत अशी, की पुढचा गाणारा मातीआड झाल्याशिवाय त्याची ओळ कुणी घ्यायची नाही. इनासचा तर देहही मिळाला नव्हता. जुजेची बायको मारी म्हणाली, "अहो, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊ नका. यंदा गाणं राहू द्या." पण जुजे कसला ऐकतोय! तो सरळ पुढच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं पहिली ओळ म्हटली. अशी म्हटली की बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागली.

आणि दुसरी ओळ समुद्राकडून आली. इनासच्या आवाजात.

लोकांची पाचावर धारण बसली. पण सुरू केलेलं विलापगीत अर्धवट टाकणं म्हणजे गावावर अरिष्ट, म्हणून जुजे गात राहिला. दर कडव्याला तो आवाज जवळ येत होता. आधी खाडीपाशी, मग विहिरीपाशी, मग थेट दारात. दाराखालून खारं पाणी आत यायला लागलं.

"त्याची जागा सोडा हो त्याला!" मारी किंचाळली.

तेव्हा कुठं जुजे मागं सरला. आपल्या जागी उभा राहिला आणि गप्प झाला. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ दारातून आली. ती पुरी झाल्यावर जुजेनं दुसरी उचलली, नेहमीसारखी. पाणी ओसरलं. जुजे वाचला, पण पुढं उभ्या जन्मात त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणतात.

आजही गुड फ्रायडेला पहिली ओळ कुणी गात नाही. तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहतात आणि मागचा गाणारा दुसरीपासून सुरू करतो. हल्ली ते काम मोनिकाबाईंच्या मुलाकडं, रॉककडं आहे. हसताखेळता पोरगा. गेल्या वर्षी मात्र घरी जाऊन ताटावर नुसता बसून राहिला.

"आई, पहिली ओळ पुरी होऊ दिली ना मी?" त्यानं विचारलं. "मध्येच तर नाही ना उचलली?"

 माउलीला तर तेवढ्या वेळात काहीच ऐकू आलं नव्हतं.