मधाचं घराणं

आमच्याकडे बारशाला बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने मध लावतात, पण फक्त मुलाच्या. माझ्या दुसऱ्या लेकीच्या बारशाला थोरले चुलत सासरे जयवंतकाका यांनी भरल्या घरात मधाची बाटली बाजूला सारली. "हा वंशाच्या दिव्यासाठी. पुढच्या वर्षी मुलगा झाला की काढू."

पुढच्या वर्षी! माझे टाके अजून दुखत होते.

"आता तिसरं नको, काका."

"मग बापाला मुलगा नसताना टिकलेलं एक तरी घराणं दाखव, सूनबाई. दाखवलंस तर पुन्हा मुलाचं नाव काढणार नाही!"

मी बाटलीकडे बोट केलं. "हे घराणं. मधमाश्यांत नर जन्मतो तो आईच्या एकटीच्या अंड्यातून. त्याला बापच नसतो. म्हणजे तिथे कुठल्याही बापाला होतात त्या फक्त लेकी. लाखो वर्षं त्यांचा वंश लेकींवर चाललाय, आणि त्यांचाच मध तुम्ही दिव्यांना चाटवता."

"काहीतरीच!" काकांनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. परसात मधपेट्या ठेवणारे सासरे म्हणाले, "खरं आहे ते, दादा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी अंगठी मधात बुडवली आणि ते पाळण्याकडे आले. मी झडप घालून बाळ उचललं.

"अहो, नको! डॉक्टरांनी वर्षाच्या आत मध द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. तो आता तुम्हीच चाटा."