अर्ध्या भावाचा ब्रेक

एक होता घाट. घाटाच्या डोक्यावर एक गाव होतं आणि पायथ्याला बाजार. वरच्या गावातून बाजाराला जायचं म्हणजे बावीस वळणं उतरायची, आणि लोकांना उतरवायला साऱ्या गावात एकच जीप. गाडी जुनी, रंग उडालेली, पण गुणाची. ती चालवायची एक मावशी.

मावशीचं खरं नाव गाव केव्हाच विसरलं होतं. लहानथोर सगळे तिला अर्धीमावशी म्हणत. त्याचं कारण असं, की कोणी कशाचाही भाव सांगो, मावशी आधी डोळे मोठे करी, मग पदर खोचून म्हणे, "अर्ध्यात देता का बोला." वांगी अर्ध्यात, चपला अर्ध्यात. लेकीच्या लग्नात बँडवाल्यालाही तिनं अर्ध्यातच ठरवला होता. तो वरात निम्म्या वाटेवर आली तशी पिपाण्या काखेत मारून निघून गेला, पण ती गोष्ट मावशी कुणाला सांगत नसे. आपल्याला अजून कुणी फसवलेलं नाही, असा तिचा मोठा तोरा होता.

एका सोमवारी जीपचा ब्रेक कुरकुरायला लागला. पायाखालचं पायडल खोल जाऊ लागलं, मागच्या चाकातून लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला. दुसरी वेळ असती तर मावशीनं चार दिवस ढकललेही असते. पण गुरुवारी वरच्या गावच्या नऊ पोरींना खो-खोच्या सामन्याला तालुक्याला न्यायचं होतं. गावातून पहिल्यांदाच कुणी तालुक्याला खेळायला चाललं होतं. पोरींच्या आयांनी मावशीचे हात धरून सांगितलं होतं, "तुमच्या जिवावर पाठवतोय हो." ते शब्द मावशीच्या कानात बसले होते.

तिनं गाडी खाली उतरवली ती पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं. पायथ्याला वडाखाली एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. मिस्त्री मितभाषी, हात कायम काळे. त्यानं पायडल दोनदा दाबून पाहिलं, चाकाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चारी चाकांचे ब्रेक-लायनर झिजून गेलेत. मागचे दोन्ही तेलाचे सिलिंडर गळतायत. तेल, मजुरी धरून सहा हजार चारशे होतील."

मावशीनं डोळे मोठे केले. पदर खोचला. "तीन हजार दोनशेत करता का बोला."

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "बाई, यातलं काय कमी करू ते तुम्हीच सांगा."

"ते मला काय ठाऊक? मिस्त्री तुम्ही की मी?"

"मग कमी कसं करू?"

एवढंच बोलून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. ना चहा विचारला, ना शंभर रुपये खाली आला. मावशीला राग आला. माणसानं घासाघीस करू नये म्हणजे काय? मिठाचा खडासुद्धा ती घासाघीस केल्याशिवाय घेत नसे. एवढा ताठा आहे त्या अर्थी हा लुटारूच असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

ती तशीच पुढे बाजारात गेली. तिथे दुसरा मिस्त्री होता. त्याचं दुकान रंगीत, बाहेर खुर्च्या, आत गाणी लावलेली. त्यानं "या मावशी, बसा मावशी" करत आधी चहा मागवला. मग गाडीकडे लांबूनच बघून म्हणाला, "सहा हजार."

"तीन," मावशी म्हणाली.

"मावशी, मारताय की काय गरिबाला? पाच द्या."

"तीन."

"चार तरी."

"तीन म्हणजे तीन."

चहाचा कप रिकामा व्हायच्या आत तो तीन हजारांवर आला. मावशीला इतका आनंद झाला, की तिनं उरलेली बिस्किटं पदरात बांधून घेतली. उद्या सकाळी गाडी आणते, असं सांगून ती निघाली. याला म्हणतात माणुसकी, आणि तो वडाखालचा म्हातारा म्हणजे नुसता दगड, असं ती वाटेतल्या दोघातिघांना सांगतही गेली.

परत वर जाताना गाडीत चार माणसं होती. चढाला ब्रेकचं काम थोडं, म्हणून मावशीनं त्यांना घेतलं होतं. त्यांत कांद्याचं पोतं घेतलेला एक बुवा होता. बसता बसता तो म्हणाला, "मावशी, भाडं अर्धंच देतो बरं का. तुमच्याकडूनच शिकलोय."

गाडीतली माणसं हसली. मावशीही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "द्या की अर्धं. म्हसोबाच्या वळणाला सोडते. तिथून पुढे पोतं डोक्यावर घ्या नि चालायला लागा. अर्ध्या पैशात अर्धाच घाट यायचा."

पुन्हा हशा पिकला. बुवानं मुकाट्यानं पुरं भाडं काढून दिलं.

मावशी खुशीत गाडी हाकत होती. म्हसोबाचं वळण आलं. घाटातलं सगळ्यात आवळ वळण ते, एका अंगाला शेंदूर फासलेला म्हसोबा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. समोरून एक गाय आडवी आली म्हणून मावशीनं ब्रेक दाबला. पायडल भुसभुशीत मातीत पाय जावा तसं खाली गेलं. चढ होता म्हणून गाडी आपोआप थांबली, ती मावशीनं हातब्रेक ओढून धरली. गाय निघून गेली.

पण मावशीनं गाडी पुढे काढली नाही. ती म्हसोबाकडे बघत बसली. आत्ता आपण बुवाला काय म्हणालो? अर्ध्या पैशात अर्धा घाट. मग अर्ध्या पैशात तो रंगीत दुकानवाला आपल्याला कुठल्या वळणाला सोडणार आहे? त्याला ना विचारलं काय करणार, ना त्यानं सांगितलं. तिला निम्म्या वाटेवरून परत गेलेला बँडवाला आठवला. वरात बँडविना पुढे गेली, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. घाटाचं तसं नव्हतं. मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या नऊ पोरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"मावशी, काय झालं?" बुवानं विचारलं.

"काही नाही. एक हिशेब राहिला होता," मावशी म्हणाली आणि तिनं गाडी पुढे घेतली.

मंगळवारी सकाळी ती रिकामी गाडी हळूहळू उतरवत थेट बाजारात गेली. रंगीत दुकानवाला पुढे आला. मावशी खुर्चीवर बसली नाही. "आधी सांगा, तीन हजारांत काय काय करणार?"

"ब्रेक करणार की मावशी."

"ब्रेक म्हणजे काय काय?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "पुढचे लायनर नवे टाकू. मागचे घासून बसवू, चालतील महिना दोन महिने. सिलिंडर गळतोय तो गळू दे, वरून तेल टाकत राहायचं."

"अन् हे काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसता भाव विचारलात."

मावशीला खरं तर भांडायचं होतं. पण माणूस खोटं बोलत नव्हता. तिनं चहाचे पैसे खुर्चीवर ठेवले, पदरात बांधून नेलेल्या बिस्किटांचेही ठेवले आणि गाडी वडाखाली नेली.

म्हातारा मिस्त्री हातातलं काम ठेवून उभा राहिला. मावशी म्हणाली, "मिस्त्री, काल मी तुमच्यावर चिडले होते. आज घासाघीस करायला आले नाही. पण सहा हजार चारशे का, ते मला दाखवा. नुसतं सांगू नका, दाखवा."

मिस्त्रीनं कोपऱ्यातला जॅक ओढला. "दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं," तो म्हणाला. "सगळे कमी करा म्हणतात, म्हणून मीही दाखवायचं सोडून दिलं होतं."

त्यानं जॅक लावला आणि एकेक चाक उतरवायला घेतलं. पहिलं चाक उघडलं. लायनर इतका झिजला होता, की पापडाएवढाही जाड उरला नव्हता. त्यानं शेजारी नवा कोरा लायनर ठेवला, बोटभर जाड. मावशीनं दोन्हींवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मागचं उजवं चाक उघडलं तर आतून तेलानं माखलेलं. "हा सिलिंडर गळतोय," मिस्त्री म्हणाला.

मागचं डावं चाक उघडलं. ते आतून कोरडं होतं.

मावशी म्हणाली, "हा कुठे गळतोय?"

मिस्त्रीनं बोट घालून पाहिलं, फडकं फिरवून पाहिलं. मग कान पकडला. "हा चांगला आहे. काल मी न उघडताच दोन्ही सांगितले, माझं चुकलं. नऊशे रुपये कमी करा."

मावशीचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मागितलं नव्हतं आणि तरी भाव उतरला होता. पण तिचं हसू ओठांवर असतानाच मिस्त्रीनं पुढच्या चाकामागचा रबरी पाईप दोन बोटांत वाकवला. पाईपाला बारीक बारीक चिरा गेल्या होत्या. दुसऱ्या चाकाचाही तसाच. "हे मात्र काल दिसले नव्हते. जोरात ब्रेक मारला आणि हा फुटला, तर बाकी सगळं नवं असून उपयोग नाही. दोन्ही बदलायला एक हजार पन्नास लागतील. टाकायचे की नाही, तुम्ही बघून सांगा."

मावशीनं पाईप स्वतः वाकवून पाहिला. चिरा डोळ्यांना दिसत होत्या. तिनं मनातल्या मनात बेरीज केली. सहा हजार चारशेतून नऊशे गेले, एक हजार पन्नास आले. सहा हजार पाचशे पन्नास.

"मिस्त्री, म्हणजे तुम्ही काल सांगितलेल्या भावापेक्षा मी दीडशे रुपये जास्त देणार."

"होय बाई."

"गावात कळलं तर माझं नाव बदलतील."

मिस्त्री पहिल्यांदाच हसला. मावशी म्हणाली, "टाका. जुनं सामान मात्र सगळं माझ्या हातात द्या."

बुधवारी संध्याकाळपर्यंत काम झालं. मिस्त्री स्वतः शेजारी बसला आणि त्यानं मावशीला तिसऱ्या वळणापर्यंत चढायला लावून परत उतरायला लावलं. उतरताना त्यानं चार वेळा "दाबा" म्हटलं, चारही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. तेव्हा कुठे त्यानं पैसे घेतले.

गुरुवारी सकाळी नऊ पोरी गाडीत बसल्या. आयांनी दह्याची कवडी हातावर ठेवली. गाडी निघाली तशी पोरींनी गाणं धरलं, आणि वळणामागून वळण उतरत गाडी म्हसोबाच्या वळणाला आली.

वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मेंढरं. एका धनगराचा अख्खा कळप दरीच्या कडेपर्यंत पसरला होता. मावशीनं ब्रेक दाबला. पायाला पायडल घट्ट लागलं. गाडी एका दमात थांबली, पुढच्या मेंढ्यापासून हातभर अंतर राखून. मेंढ्यानं गाडीकडे वर बघितलं आणि रवंथ करत बाजूला झाला.

मागे पोरींचं गाणं थांबलंसुद्धा नाही.

मावशीचे डोळे भरून आले. तिनं म्हसोबाला हात जोडले, मग वडाखालच्या म्हाताऱ्याच्या नावानंही जोडले. काही घडलंच नाही, एवढंच त्या दिवशी तिला पैशांच्या बदल्यात मिळालं होतं, आणि तिला ते स्वस्त वाटलं.

पोरी दुसरा सामना हरल्या, पण पहिला जिंकून आल्या. गावानं ढोल वाजवला. दीडशे रुपये जास्त दिल्याची बातमी मावशीनंच सांगून टाकली आणि लोकांनी तिची महिनाभर यथेच्छ चेष्टा केली.

मावशी वांगी अजून अर्ध्यातच मागते. पण पापडासारखा पातळ झालेला तो लायनर तिनं गाडीत आरशाखाली दोरीनं टांगून ठेवला आहे. कुणी अर्ध्या भाड्यावर हटून बसलं, की ती लायनरकडे बोट दाखवते आणि विचारते, "आधी सांगा, कुठल्या वळणाला उतरणार?" आणि वडाखालचा म्हातारा आता चाक उघडल्याशिवाय कुणालाही भाव सांगत नाही.

तात्पर्य: भाव कमी करा म्हणण्याआधी काम दाखवा म्हणावं, नुसत्या भावावरून ना लुटारू ओळखता येतो, ना भला माणूस.