बारवेतली साखळी

"म्हणजे मी हे मनापासून केलंच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

शाल्मलीचा आवाज चिरकला. बारवेची राखण करणारे हरगीर बुवा काठावर बसून चिलीम कोरत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मी कुठं काय म्हटलं? सहीच तर केली नाही."

पोरीचंही काही चुकत नव्हतं म्हणा. परदेशातल्या कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत, तळमळही लागते. तीही अर्जाच्या चौकटीत मावेल एवढीच. म्हणून सुट्टीभर तिनं गावाबाहेरच्या या जुन्या बारवेचा गाळ काढायला घेतला. मैत्रिणी आणल्या, छापील टी-शर्ट आणले, पायऱ्यांवर साखळी करून हातोहात घमेली वर दिली, फोटो तर घमेल्यागणिक काढले. आज फोटो झाले आणि मैत्रिणी टेम्पोत बसून गेल्या. गाळ राहिला. आणि दाखल्यावरच्या 'हिने हे मनापासून केले' या ओळीखाली बुवांची सही राहिली.

"बुवा, उद्या शेवटची तारीख आहे हो!"

"मग तूच सांग की. मनापासून केलंस?"

शाल्मलीनं मोबाईलमधले फोटो चाळायला घेतले. तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

बुवांनी तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला, एका पालथ्या घमेल्याखाली झाकला.

"चल. मधल्या पायरीवर उभी राहा. साखळी धर."

"कसली साखळी? आपण दोघंच तर आहोत!"

"उभी तर राहा, बाई."

ती उतरली. बुवा तिच्या वरच्या पायरीवर. ऊन कधीच निघून गेलं होतं. खाली पायऱ्या अंधारात बुडत गेलेल्या. रोजच्या सवयीनं तिनं खाली हात केले.

काहीतरी गार, ओलं हाताला लागलं.

घमेलं. गाळानं भरलेलं.

तिनं उचलून वर दिलं. बुवांनी रितं करून परत दिलं. तिनं खाली सोडलं. ते अलगद कुणीतरी घेतलं... भरून पुन्हा वर आलं. पुन्हा. आणि पुन्हा. हात आपोआप चालू लागले. सही विसरली, तारीख विसरली, मोबाईलची तर आठवणही नाही.

आणि मग एकदम तिचे हात थिजले.

"बुवा... खाली भरतंय कोण?"

बुवांनी घमेलं झटकलं आणि रितं तिच्या हातात ठेवलं.

"माझ्या गुरूंच्याही आधीपासून आहे तो. आला तेव्हा त्यालाही नुसता दाखलाच पाहिजे होता."