पायाळूची उसण

बोलावल्याशिवाय बोलत नसत आणि बोलावले तरी फारसे बोलत नसत, म्हणून लोकांनी ज्यांचे नावच निवांत महाराज ठेवले, त्यांच्या चरणी आधी मस्तक टेकू आणि मग गोष्टीकडे वळू.

सिंदफणेच्या काठी पिंपळथडी नावाचे गाव होते. महाराज तिथे कुठून आले, कुणाला ठाऊक नव्हते. आले आणि नदीकडेच्या मठात राहिले. कुणी काही विचारले तर उत्तर देत, पण पुष्कळदा ते दुसऱ्याच प्रश्नाचे असे. विचारणारा डोके खाजवत घरी जाई आणि महिन्याभराने त्याला उमगे, की आपण विचारायला हवा होता तो प्रश्न तोच होता. अशी त्यांची तऱ्हा.

त्याच गावात ठकू परटीण राहत होती. ठकू पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे डोके आधी न येता पाय आधी आले होते. आपल्याकडे समज आहे, की कुणाच्या पाठीत, बरगडीत उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय त्या जागी लावावा. उसण निघून जाते. त्यामुळे सकाळ झाली की ठकूच्या अंगणात कुणी ना कुणी कण्हत उभा असायचाच. ठकू आधी त्या माणसाच्या पाया पडे, मग डोळे मिटून अंगठा टेकवी, मग पुन्हा पाया पडे. मोठ्यांना पाय लावायचा हे तिला कधीच रुचले नाही. पण आलेल्याला परत तरी कसे पाठवायचे?

गावच्या देशमुखीणबाई गिरिजाबाई. त्यांना सगळे आक्कासाहेब म्हणत. बाई देवभोळी होती, मठात शेर-पायली धान्य घालायला पुढे असायची, पण जिभेला हाड नव्हते. ठकू धुणे घेऊन वाड्यावर गेली की त्या चारचौघींत म्हणायच्या, "ठके, लाथेनं दुखणं जात असतं, तर आमच्या गोठ्यातली म्हैस एव्हाना वैद्य झाली असती." बायका हसायच्या. ठकूही हसायची, कारण म्हैस खरोखरच लाथाळ होती.

एकदा काय झाले, मठात पाण्याची घागर उचलताना महाराजांच्याच पाठीत उसण भरली. ते म्हणाले, "ठकूला बोलवा."

ठकू आली आणि उंबऱ्यातच थिजली. "म्हाराज, आवं मी तुमाला पाय लावू? कुन्या नरकात जागा मिळंल मला?"

महाराज पालथे झोपले होते. तसेच म्हणाले, "माय, देवाच्या छातीवरही ऋषीच्या लाथेची, पावलाची खूण आहे. त्यानं कधी तक्रार केली का?"

आता काय करणार! ठकूने डोळे घट्ट मिटले, अंगठा कसाबसा टेकवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. महाराज उठून बसले, हात वर करून पाहिला आणि म्हणाले, "गेली." भक्तमंडळी आनंदाने हसली. आक्कासाहेब तेवढ्या हसल्या नाहीत.

दिवाळी झाली. थंडी पडली. एका सकाळी घाटावर ओले घोंगडे पिळताना ठकूच्या छातीत डाव्या बाजूला चमक आली. उसण म्हटले की येते आणि जाते. ही आली ती मुक्कामालाच. खोल श्वास घेतला की सुई टोचल्यासारखी कळ, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे, डाव्या कुशीवर वळले की झोपेची वाट लागलेली. गंमत अशी, की डोक्यावर गाठोडे घेऊन चढ चढताना काही होत नसे आणि चुलीपुढे बसून भाकरी थापताना जीव कासावीस व्हायचा. कधी दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे दुखणे कोणत्या जातीचे, ठकूला काही केल्या कळेना.

विचारावे तर जो तो निराळे सांगे. वैद्यबुवा नाडी धरून म्हणाले, काळजाचे आहे, जपून राहा. शेजारीण म्हणाली, वारा धरलाय. देवऋषी म्हणाला, कुणीतरी केलंय. नवरा म्हादू बिचारा म्हणायचा, "काल लई हसली ना तू, त्याचंच असंल." प्रत्येकाचे ऐकताना ठकूला त्याचेच खरे वाटे आणि दुसऱ्याकडे गेली की त्याचेही.

आणि आक्कासाहेब काय म्हणाल्या? "काय गं, पायाळूलाच उसण? लाव की आता तुझा पाय तुझ्या छातीला." ठकू घरी आली. दाराला कडी लावून तिने, खोटे कशाला सांगू, तसा प्रयत्नही करून पाहिला. गुडघा हनुवटीला लागला, पाय काही छातीपर्यंत पोचला नाही, आणि कळ मात्र अशी आली की ती तिथेच जमिनीवर आडवी झाली. आपलेच तिला हसू आले. त्या हसण्यानेही दुखले.

हे सगळे तिने सोसले असते. पण संक्रांतीच्या वाणाला आक्कासाहेब हसत हसत एक बोलून गेल्या आणि ते तिच्या मनात घर करून राहिले. त्या म्हणाल्या, "महाराजांची उसण काढलीस ना? मग ती गेली कुठं? तुझ्या उरात बसलीय. साधूला लाथ मारलीस, आता भोग."

त्या दिवसापासून ठकूच्या डोक्यात गुंता झाला. हे खरेच महाराजांचे दुखणे असेल, तर ते शिक्षा म्हणून आले की प्रसाद म्हणून? शिक्षा असेल तर भोगलेच पाहिजे. प्रसाद असेल तर टाकायचा कसा? आणि समजा वैद्यबुवांच्या काढ्याने ते माझ्यातून निघाले, तर जाईल कुठे? ज्यांचे होते त्यांच्याकडेच परत जाईल. म्हणजे मी बरी झाले की महाराज पुन्हा पाठ धरून बसतील. या विचाराशी ती आली आणि थांबली. तिने काढा अंगणात ओतून दिला. शेक घ्यायचे बंद केले. दुखणे अंगावर काढायचे ठरवले आणि रात्र-दिवस एवढेच पाहू लागली, की ते आपल्यातून निसटत तर नाही ना. बरे वाटले की तिला धास्ती वाटायची, कळ आली की हायसे वाटायचे. आणि कळ आली की मरणाचे भयही वाटायचे, कारण वैद्यबुवांचे 'काळजाचे आहे' हे बोलणे ती विसरली नव्हती. मठाकडे तर तिने फिरकणेच सोडले.

फाल्गुनात महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी असे. भंडारा देशमुखांच्या घरचा होता. पंगतीला घालायची मठाची जाजमे धुवायला ठकूकडे आली. थोरले जाजम तिने पाण्यातून ओढून काढले आणि खांद्यावर टाकायला उचलले, तेव्हा छातीत असा काही लचका बसला की श्वास आत जाईना. तोंड उघडे, पण हवा येईना. ती पाण्यातच बसली. घाटावरच्या बायकांनी तिला उचलले आणि जवळ होता म्हणून मठातच आणले.

पंगत बसायची वेळ झाली होती. आक्कासाहेब स्वतः वाढप पाहत होत्या. ओलीचिंब ठकू ओसरीवर ठेवलेली पाहून त्या म्हणाल्या, "ऐन पंगतीत हे काय आणलं? हिला तिच्या घरी न्या. केलेलं भोवतंय तिला."

तेवढ्यात आतून महाराज आले. ठकूने त्यांना पाहिले आणि ती मागे सरकू लागली. तुटक तुटक म्हणाली, "जवळ नका येऊ म्हाराज. तुमचं हाय ते. तुमच्याकडं परत यील."

महाराज खाली बसले. "काय माझं?"

"उसण."

महाराजांना क्षणभर समजलेच नाही. मग समजले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माय, इतके महिने तू हे माझ्यासाठी धरून ठेवलंस? अगं, माझी उसण त्याच दिवशी गेली. ती कुणाकडं गेली नाही."

"मग ही कुनाची?"

"तुझीच. ओल्या घोंगड्यांची आहे, थंडीची आहे, आणि निम्मी भीतीची आहे. दुखतं तिथं तुझं बोट ठेव. दाब."

ठकूने बरगडी छातीच्या हाडाला मिळते तिथे बोट दाबले आणि कळवळली.

"दाबल्यावर तेच दुखणं येतं ना? मग ही भिंत दुखतेय, माय. आतला देव्हारा शाबूत आहे. मरत नाहीस तू." मग त्यांनी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून आणायला सांगितले. शेक सुरू झाला. ठकूचे हात जरा सैल पडले. महाराजांच्या दुखण्याचे आणि मरणाच्या भीतीचे, दोन्ही ओझी उतरली, तरी अडकलेला श्वास मोकळा होईना. ती उथळ उथळ धापत होती आणि ओठ काळवंडत चालले होते. बातमी कळताच धावत आलेला म्हादू बायकोचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "म्हाराज, कायतरी करा."

महाराज म्हणाले, "हिला पायाळूचा पाय लागला पाहिजे."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. गावात पायाळू एकच, आणि ती तर ही समोर पडलेली. महाराजांचे नेहमीसारखे भलतेच उत्तर, असे कुणी कुणी मनात म्हटलेही. ठकूला वाटले, आपणच चुकीचे ऐकले.

महाराजांनी वळून पाहिले. "आक्कासाहेब, आभाळात वीज चमकू लागली की आपण आतल्या खोलीत दार लावून का बसता?"

आक्कासाहेबांच्या हातातली पळी खाली पडली. पायाळू माणसावर वीज पडते असे म्हणतात, आणि जमिनीतले धन काढणारे मांत्रिक पायाळू पोर शोधत फिरतात असेही म्हणतात. म्हणून आक्कासाहेब पायाळू जन्मल्या ही हकीकत त्यांच्या आईने लपवली होती. लग्नाच्या दिवशी कानात सांगितले होते, की हे नवऱ्यालाही सांगू नकोस. ती आई गेली, सुईण गेली, माहेरचे गाव दूर. आक्कासाहेब आणि देव यांच्याखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हते. जी गोष्ट स्वतःत दडवली होती, तिचीच थट्टा दुसरीच्या बाबतीत त्या इतकी वर्षे करत आल्या होत्या.

"मला नाही जमायचं," त्या पुटपुटल्या.

"तिलाही जमत नव्हतं," महाराज म्हणाले. "तरी ती माझ्यासाठी आली."

आक्कासाहेब ओसरीवर आल्या. नऊवारीचा घोळ सावरला, कुणाकडेही न पाहता पाय उचलला आणि अंगठा त्या दुखऱ्या बरगडीवर टेकवला. आणि काय सांगावे! अंगठा टेकला आणि त्यांच्याच छातीत डाव्या बाजूला तशीच कळ उठली. श्वास आत जाईना. तोंड उघडे, हवा येईना. त्यांनी म्हादूच्या खांद्याचा आधार घेतला. ठकूने थंडीभर जे सोसले, ते सगळे त्या एका घटकेत आक्कासाहेबांना कळले. मग जशी आली तशी ती कळ ओसरली आणि दोघींनी एकाच वेळी श्वास घेतला. लांब, भरून, छातीच्या तळापर्यंत.

पुढे कधी गारठ्यात ठकूच्या त्या जागी बारीक चमक येई. तेव्हा ती मिठाची पुरचुंडी घेऊन बसे, जड जाजम म्हादूकडे देई, आणि आपण मरत नाही हे तिला आता माहीत असे. देशमुखांच्या वाड्यावरही पुढे सकाळी उसण भरलेली माणसे उभी राहू लागली आणि आक्कासाहेब आधी त्यांच्या पाया पडत. पण ते पुढचे.

त्या दिवशी आक्कासाहेब आधी महाराजांच्या पायांशी वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही," एवढेच म्हणाले आणि ठकूकडे पाहिले.

आक्कासाहेबांना समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्या गुडघ्यांवर बसल्या आणि भर पंगतीसमोर त्यांनी ठकूच्या ओल्या, चिखलाने माखलेल्या पावलांवर कपाळ टेकवले. त्यांचे खांदे हलत होते. ठकू गोंधळून गेली. आजवर तिने हे पाय दुसऱ्यांच्या पाठीवर ठेवले होते; त्यांवर कुणी डोके ठेवील हे तिच्या कधी मनातही आले नव्हते. पाय ओढून घ्यावेत की राहू द्यावेत, तिला कळेना. तिने महाराजांकडे पाहिले.

मग तिने छाती भरून श्वास घेतला. दुखले नाही. आणि कित्येक महिन्यांत निघाला नव्हता असा खणखणीत आवाज तिच्या तोंडून निघाला, "आक्कासाहेब, उठा, पंगत खोळंबलीय."