फरक कुठं पडतो?

"फरक पडतो म्हणता, तर तो नेमका कुठं पडतो?"

हा केरबाचा प्रश्न. त्यानं तो रेगेबाईंना विचारला, मास्तरांना विचारला, देवळातल्या गुरवाला विचारला. सगळे हसले.

तर एका गावात एक भोळा भाऊ होता. माझाच, हा केरबा. 'होता' म्हणायला अजून जीभ वळत नाही, पण गोष्ट अशीच सुरू होते, त्याला मी काय करू?

आमच्या गावात दोन आळ्या. एक वरची, एक खालची. एकदा शहरातून अभ्यास करणाऱ्या रेगेबाई आल्या. म्हणाल्या, "काहींना मदत द्यायची, काहींना नाही. मग दोघांकडे बघायचं. फरक पडला, तर ती मदत खरी."

त्यांना घरं दाखवणारा माणूस हवा होता. केरबाला गावातलं प्रत्येक घर माहीत होतं, कारण प्रत्येक घरातून त्याला कधी ना कधी हाकललेलं होतं. बाईंनी त्यालाच ठेवलं.

पहिल्यांदा टेम्पोतून आल्या शेळ्या. शेळी दिली तर घरची गरिबी हटते का, ते बघायचं होतं. शेळ्या थोड्या, घरं जास्त. बाईंनी घराघराची नावं कागदांवर लिहिली आणि म्हणाल्या, "केरबा, चिठ्ठ्या टाक."

केरबा गेला, टाकून आला.

"कुणाचं नाव निघालं?"

"आत्ताच कसं निघंल बाई? पेटी सोमवारी उघडत्यात."

चिठ्ठ्या टपालपेटीत होत्या. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, चिठ्ठ्या डब्यात घालायच्या. डबा हलवायचा. डोळे मिटायचे. मग उचलायचं."

"आधी सांगायचं की. आता ध्यानात ठेवतो."

बाईंनी स्वतःच दुसऱ्या चिठ्ठ्या केल्या. येसाआत्याचं नाव निघालं. "केरबा, टेम्पोपाशी जा आणि आत्याची शेळी तिच्या दारात पोचव."

केरबा टेम्पोपाशी गेला. टेम्पो हलवला. डोळे मिटले. हाताला लागलं ते उचललं.

"मुडद्या, ही शेळी भुंकतीया!" येसाआत्या ओरडली.

"शहरातली हाय, आत्या. सवय हुईल तुला."

पाटलांचा कुत्रा टेम्पोच्या सावलीला झोपला होता. झोपमोड झाली म्हणून तो केरबाला चावला आणि मग पाटीलही चावल्यासारखं बोलले.

बाई म्हणाल्या, "अरे, डोळे उघडे ठेवावेत! आधी दात बघायचे. दात चांगले असतील तरच कानाला बिल्ला लावायचा आणि न्यायचं. नाहीतर परत पाठवायचं."

"आधी सांगायचं की. आता ध्यानात ठेवतो."

मग दुसरा अभ्यास आला. बायका एकत्र बसून बोलल्या, तर घरातली भांडणं कमी होतात का, हे बघायचं होतं. "केरबा, वरच्या आळीतल्या बायकांना बैठकीला घेऊन ये."

केरबा बिल्ले घेऊन निघाला. पहिलं दार सरपंचकाकूंचं.

"काकू, आ करा."

"का रे?"

"दात बघतो. चांगले असतील तर कान द्या."

भांडणं कमी करायच्या अभ्यासातलं पहिलं भांडण तिथं झालं. काकूंनी दात दाखवले नाहीत, चप्पल दाखवली. बायजाआजी मात्र बिचारी हसत 'आ' करून उभी राहिली. तोंडाचं बोळकं. केरबानं तिला परत घरात पाठवलं. आजी रडत बसली.

आता मात्र बाई खऱ्या चिडल्या. "अरे, माणसं आहेत ती! ही धडधाकट, ती म्हातारी, असं करतात का? माणसाला माणूस सारखा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असा तसूभर फरक पडू द्यायचा नाही!"

"अजिबात पडू द्यायचा न्हाय?"

"अजिबात नाही!"

"आधी सांगायचं की," केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

शेवटी आल्या गोळ्या. अंगात रक्त नसलेल्या बायकांसाठी. आमची आई त्यातलीच. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना ती जागोजागी खाली बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, "बसले कुठं? दगड बघत हुते."

बाईंनी दोन डबे दाखवले. निळ्या झाकणाचा वरच्या आळीला, पिवळ्याचा खालच्या आळीला. गोळ्या दिसायला एकसारख्या. "एकात औषध आहे, एकात नुसतं पीठ. कशात काय, ते मलाही सांगितलेलं नाही. फरक दिसला, तर औषध सगळ्या गावाला कायमचं मिळेल."

केरबानं विचारलं, "आमची आई खालच्या आळीत. तिच्या डब्यात पीठ असंल तर?"

"तर थोडे दिवस कळ काढायची."

"आणि औषध असंल, तर बायजाआजीला पीठ?"

बाई टेम्पोत बसून गेल्या. वाटपाचं काम केरबाकडे.

इथपर्यंत आलो की मला हसू येतं आणि मग पुढचं सांगता येत नाही. थांबा जरा.

हां. तर बाई बऱ्याच दिवसांनी परत आल्या. बायकांच्या बोटाला सुई टोचली, रक्त तपासलं, आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग शाळेच्या पायरीवर मटकन बसल्या. तेवढ्यात आई कळशी घेऊन चढ चढून आली. एकही दगड न बघता सरळ घरात गेली.

बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. "केरबा, वरची आळी सुधारली तेवढीच खालची. आता कुणाला काय दाखवू? काहीच फरक पडला नाही रे!"

केरबानं छाती पुढं काढली. बाईंसाठी त्यानं केलेलं शेवटचं काम ते हेच.

"पडंल कसा, बाई? दोन्ही डबे एका घमेल्यात ओतले. घमेलं हलवलं. डोळे मिटले. मूठ मूठ उचलून घरोघर सारखं वाटलं. तुम्ही म्हणाला हुता न्हवं? मी पडूच दिला न्हाय!"