आवडी कुणाची?

एका पेठेच्या गावी एक हलवाई राहत होता. जत्रा तोंडावर आली होती. घरात होता नव्हता तेवढा गूळ त्याने चिक्कीसाठी कढईत घातला, आणि पाक ढवळता ढवळता तापाने घेरी येऊन तो तिथेच कोसळला.

शेजारी आवडी नावाची कुंभारीण मडकी मांडत होती. करपल्याचा वास येताच ती धावली. चुलीतली लाकडं ओढली, हाताशी होतं ते दूध-तूप पाकात ओतलं आणि चटके सोसत तो घोटत राहिली.

हलवाई शुद्धीवर आला, तेव्हा परातीत मऊ, तांबूस गोळा होता.

"बुडालो! याची चिक्की कसली होते आता?"

"दादा, आधी चावून तर बघा," आवडी म्हणाली.

तुकडा दाताला चिकटला. पण चावावा तितका गोड लागे! जत्रेत लोकांनी परात रिकामी केली.

"नाव काय हो याचं?" कुणीतरी विचारलं.

"आवडी," हलवाई म्हणाला.

लोकांना वाटे, सगळ्यांना आवडते म्हणून आवडी. हलवाई मात्र ज्याला त्याला शेजारचं दुकान दाखवी. "या बाईंचं नाव आहे ते. यांनी माझा संसार वाचवला."

पुढे तिथल्या सरदाराने ही मिठाई चाखली. तो म्हणाला, "हिला आमच्या घराण्याचं नाव दे. मग वाड्यावरची सगळी मिठाई तुझ्याकडूनच घेऊ."

हलवायाच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ. पण आवडीचे भाजलेले हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"सरकार, मिठाई हवी तेवढी न्या. नाव माझं नाही, ते मी कसं देऊ?"

सरदाराने त्याला हाकलून दिलं. ते ऐकून आवडी रागावलीच. "माझ्या नावाचं एवढं काय घेऊन बसलात?"

"बाई, त्या दिवशी तुम्ही स्वतःचे हात बघितले नाहीत. मग मी माझा फायदा कसा बघू?"

ही गोष्ट सरदाराच्या आईच्या कानी गेली. ती लेकाला म्हणाली, "जो दुसऱ्याचं नाव बुडवत नाही, तो मिठाईत भेसळ करील का? वाड्यावर त्याचीच मिठाई येऊ दे. आणि नाव आहे तेच राहू दे."

वाड्याचा निरोप आला तशी हलवायाने ताजी परात उचलली आणि आधी आवडीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. दोघांनी एकेक तुकडा तोंडात टाकला. दात असे चिकटले, की बराच वेळ कुणालाच बोलता येईना. डोळे तेवढे भरून आले.

तात्पर्य: उपकार करणाऱ्याचं नाव जो झाकत नाही, त्याच्या कष्टाची गोडी टिकते.